नसलेल्या अण्णांचा निरोप समारंभ

४ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. बाबांच्या लग्नानंतर तुझ्याकडून आलेला हा पहिला कागद, आणि त्यावर मजकूर किती, तर दीड ओळ. 'लिहायचंच असेल तर तुझ्या कामाबद्दल लिही. घरातलं एक अक्षरही नको.' मायना नाही, सही नाही. अक्षर मात्र तेच, ओळ सोडून खाली घसरत जाणारं. ते बघून मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला, आणि का पाजला ते कुणालाच सांगितलं नाही.

अट मान्य. बाबांनी ऐंशी गाठता गाठता लग्न केलं, तुला न विचारता केलं, आणि 'घरात कुणीही शिरावं आणि मी दार धरून उभं राहावं, हे जमणार नाही' असं म्हणून तू तुझ्या धरणावर निघून गेलास, याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. (हे वाक्य धरू नकोस. अट नीट समजली का, एवढंच तपासत होते.) मला काय हवंय तेही एकदाच सांगते आणि गप्प बसते. तू घरी यावंस. झालं.

आता काम. तुला वाटतं मी हॉस्पिटलात बिघडलेले कम्प्युटर दुरुस्त करते. नाही रे. आमच्याकडे प्रयोगशाळेपासून औषधांच्या खिडकीपर्यंत सगळी यंत्रं एकमेकांना जोडलेली आहेत, आणि त्या जाळ्यात कुणी परका शिरू नये हे बघणं माझं काम. आम्ही दोघंच आहोत. मी आणि आमचे मिशीवाले. त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी घेत नाही.

पंचाईत अशी, की चोर खिडकी फोडून आला तर कळतं. पण तो आपल्याच कुणाचा पासवर्ड चोरून, आपल्याच माणसासारखा रमतगमत आत आला तर? गेल्या वर्षी पलीकडच्या हॉस्पिटलात अशाच एकाने सगळ्या फायलींना कुलूप ठोकलं. रिपोर्ट उघडेनात, ऑपरेशनं खोळंबली, पेशंट परत पाठवावे लागले. तेव्हापासून आमच्या अधीक्षक मॅडमचा जीव टांगणीला लागलाय. परवा त्यांनी मला बोलावून विचारलं, "आपल्याकडे आत्ता, या क्षणी कुणी आत येऊन बसलेलं नाही, हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता का?"

मी म्हटलं, नाही. मग घरी येऊन डोकं खाजवलं. आणि दुसऱ्या दिवशी मॅडमकडे एक नवीन माणूस नेमायची परवानगी मागितली. असा माणूस, जो मुळात नाहीच.

तुझी,
बारकी


२० फेब्रुवारी

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस, पण माझं पत्र परतही आलं नाही. एवढं मला पुरेसं आहे.

तर आमचा नवा माणूस. भांडार विभागातले वरिष्ठ लिपिक, टोपणनाव अण्णा. पूर्ण नाव लिहीत नाही, तोही सापळ्याचाच भाग आहे. अण्णांना खातं आहे, मेलपेटी आहे, फायली आहेत. त्यात 'जुने पासवर्ड' नावाची एक फाईल आहे, चोराच्या तोंडाला पाणी सुटावं अशी. नाहीत फक्त अण्णा. आणि अण्णाच नाहीत म्हटल्यावर त्यांच्या खणात हात घालायचं कारण या जगात कुणालाच नाही. जो घालेल तो चोर. कुणी बोट जरी लावलं तरी माझ्या फोनवर कोंबडा आरवतो. आवाज मिशीवाल्यांनी निवडलाय. मॅडम, मी आणि मिशीवाले सोडून हे कुणाला ठाऊक नाही.

अण्णांची पहिली पत्रं मिशीवाल्यांनी लिहिली. 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात. अरे, तो माणूस नव्हता, नोटीस होती! चोर मूर्ख नसतो. पेटी उघडून त्याने अशी दहा पत्रं वाचली तर ती बनावट आहेत हे त्याला लगेच कळेल. खऱ्या माणसाच्या पेटीत पसारा असतो, कुरकुर असते, अर्धवट सोडलेली भांडणं असतात.

म्हणून मॅडमच्या परवानगीने मी आमच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झालेल्या एका बाईंना गाठलं. हॉस्पिटलातला कारकून कसा लिहितो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? बाईंनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे अण्णा चिडतात कशावर?"

मी म्हटलं, अजून ठरवलं नाही.

"मग आधी ते ठरव. कशावर चिडतो ते कळल्याशिवाय माणूस लिहिता येत नाही."

मग मला जे सुचलं ते सांगत गेले. कुणी पेन मागून नेलं आणि टोपणाशिवाय परत दिलं की अण्णांचं डोकं फिरतं. सफरचंद बियांसकट खातात. छत्री कधीच नेत नाहीत, भिजून येतात, आणि वर म्हणतात, 'पावसाची हमी मी घेत नाही.' बाई हसत हसत सगळं टिपून घेत होत्या. ओळखीचं वाटलं तर योगायोग समज.

बारकी


१५ मार्च

दादा,

आज तुला हसू येणार आहे. आलं तर दाबू नकोस, धरणाला तडे जातील.

अण्णांची पत्रं बाई माझ्या शेजारी बसून लिहितात. ती मी तयार केलेल्या इतर खोट्या खात्यांना जातात, तिथून खोटी उत्तरं येतात. चार-पाच नसलेल्या माणसांचा संसार छान चालला होता. सोमवारी बाईंनी लिफ्टवर एक पत्र लिहिलं आणि चष्मा डोक्यावर ठेवलेला असताना 'प्रति' समोरचं जे पहिलं नाव दिसलं ते निवडलं. ते होतं 'सर्व कर्मचारी'. मी नको नको म्हणेपर्यंत पत्र गेलंसुद्धा.

पत्र असं होतं. 'सर्वांस कळविण्यात येते की लिफ्टचे बटण पुन्हा पुन्हा दाबल्याने लिफ्ट लवकर येत नाही. मी स्वतः दाबून पाहिले आहे. तिला आपण घाईत आहोत हे कळते आणि ती मुद्दाम वरच्या मजल्यावर थांबते. तरी सर्वांनी बटण एकदाच दाबावे व दुसरीकडे बघत उभे राहावे.'

सापळा गेला, नोकरी गेली, मॅडमना काय तोंड दाखवू? तेवढ्यात कोंबडा आरवला. मग पुन्हा. मग थांबेचना. अख्खं हॉस्पिटल अण्णांना उत्तरं पाठवत होतं! एक्सरेवाल्यांनी लिहिलं, 'अण्णा, अगदी मनातलं बोललात.' परिचारिकांनी लिहिलं, 'दुसऱ्या मजल्यावरच्या नळाबद्दलही लिहा ना.' भूल देणाऱ्या डॉक्टरांनी, जे कुणाशी दोन शब्द बोलत नाहीत, त्यांनी चक्क हसणारे चेहरे पाठवले.

मिशीवाल्यांनी घाईघाईने कोंबड्याला शिकवलं की आलेल्या पत्रावर ओरडायचं नाही, कुणी आत शिरलं तरच ओरडायचं. मी मॅडमसमोर मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तोंडावर फाईल धरली. फाईल हलत होती. म्हणाल्या, "आता तर चोरालासुद्धा शंका येणार नाही."

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी सगळे दुसरीकडे बघत उभे होते. शपथेवर सांगते.

बारकी


११ एप्रिल

दादा,

तुझं दुसरं कार्ड आलं. 'लिफ्टचं पत्र त्या बाईंनी मनानेच लिहिलं? पावसाची हमी हे वाक्य माझं आहे. त्या बाई कोण?'

तीन वाक्यं! प्रगती आहे.

त्या बाई म्हणजे काकू.

हो, त्याच. बाबांची बायको. आता पत्र फाडू नकोस, आधी पुढचं वाच. तू म्हणालास घरातलं नको, कामाबद्दल लिही. काकू कामातच आहेत, मी तरी काय करू? बाबा जुने एक्सरे मागायला रेकॉर्ड विभागात गेले आणि तिथेच रमले, हे तू विसरतोस. त्या आधी हॉस्पिटलातल्या आहेत आणि मग घरातल्या.

मी त्यांना काकूच म्हणते. आई म्हणायला मला जमलं नाही, आणि त्यांनीही ते कधी मागितलं नाही. अण्णांसाठी काय चिडकेपणा सुचवावा याचा विचार करत होते तेव्हा पहिला तूच आठवलास, म्हणून तुझं सगळं सांगितलं. काकूंना दोन-तीन पत्रांतच कळलं. पेन बाजूला ठेवून म्हणाल्या, "हा तुझा दादा ना गं?" मी हो म्हटलं. वाटलं, आता नको म्हणतील. तू लग्नाला आला नाहीस, त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीस. पण त्या म्हणाल्या, "मग नीट सांग. चुकीचा नको लिहायला."

तेव्हापासून रोज विचारतात. दादा उन्हाळ्यात काय म्हणतो? त्याला कुणी चुकून मुकाट्याने मदत केली तर आभार कसे मानतो? मी सांगितलं, आभार मानत नाही, दुसऱ्या दिवशी येऊन भांडतो आणि जाताना काहीतरी ठेवून जातो. हे त्यांनी अण्णांच्या एका पत्रात इतकं हुबेहूब घातलं की वाचताना मला रडू आलं. तुझी इतकी आठवण आली, दादा.

लिफ्टचं पत्र मात्र मी सांगितलेलं नाही. ते त्यांनी स्वतःहून लिहिलं. तुला न भेटता.

आता खरी अडचण सांगते. अण्णांना जन्मतारीख लागत होती, मी तुझी घातली. परिणाम असा की आस्थापना विभागाच्या कम्प्युटरने अण्णांना निवृत्तीची नोटीस काढली. पुढच्या महिन्याच्या अखेरीस सेवा समाप्त, खातं बंद. आस्थापनावाल्या बाई उत्साहाने निरोप समारंभाच्या तयारीला लागल्यात. त्यांना थांबवायचं तर गुपित फोडावं लागेल. खातं बंद झालं तर सापळाही संपेल, आणि नवा माणूस उभा करायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शुभेच्छांचं मोठं कार्ड विभागाविभागात फिरतंय. औषधांच्या खिडकीवाल्यांनी लिहिलंय, 'अण्णा, तुमच्यासोबत घेतलेला चहा विसरणार नाही.' मी मान डोलावून कार्ड पुढे सरकवलं.

बारकी


२२ मे

दादा, दादा, दादा!

सापडला!

सकाळी ओपीडीत ही गर्दी होती. मी लिफ्टपाशी दुसरीकडे बघत उभी होते आणि खिशात कोंबडा आरवला. आलेल्या पत्रांवर तो आता ओरडत नाही. म्हणजे कुणीतरी आत शिरलं होतं. लिफ्टची वाट न बघता जिने चढत गेले, या वयात. मिशीवाले आधीच खुर्चीच्या टोकावर होते. पडद्याकडे बोट दाखवून कुजबुजले, जणू चोराला ऐकू जाईल, "अण्णांची पेटी वाचतोय."

आम्ही दोघं बघत होतो. तो एकेक पत्र उघडत होता. बिलं करणाऱ्या एका बाईंनी खोट्या पावतीचं मेल उघडलं होतं, तिथून त्यांचा पासवर्ड उचलून तो आत आला होता. कित्येक दिवस आमच्यात वावरत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता, कारण तो बिलांच्या बाईंसारखाच वागत होता. लिफ्टचं पत्र त्याने दोनदा उघडलं. मिशीवाले म्हणाले, "याला पण आवडलं!" मग त्याने 'जुने पासवर्ड' उघडली आणि त्यातला एक घेऊन, आम्ही त्याच्यासाठीच मांडून ठेवलेल्या रिकाम्या यंत्राचं दार उघडलं.

तिथे आम्ही त्याला धरला. म्हणजे हाताने नव्हे. तो कुठून येतोय ते दिसलं, बिलांचं यंत्र जाळ्यातून तोडलं, त्याची वाट बंद केली, सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. शोधलं तर दोन यंत्रांवर त्याने फायलींना कुलूप लावणारा प्रोग्राम आणून ठेवलेला सापडला. नुसतं सुरू करायचं बाकी होतं. आम्ही तो पुसून टाकला. तपासाचं काम आता पोलिसांकडे आहे.

आणि दादा, त्या सगळ्या वेळात खाली ओपीडीत काहीसुद्धा झालं नाही. रिपोर्ट निघत होते, औषधं मिळत होती, एक बाळ भोकाड पसरून रडत होतं. मी जिन्यात उभी राहून ते रडणं ऐकत होते आणि मला नाचावंसं वाटत होतं.

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दादाला कळव. त्याच्यामुळे झालं."

कळवलं.

बारकी


२ जून

दादा,

हे आमंत्रण आहे, घरातलं नव्हे, कामाचं.

अण्णांचा निरोप समारंभ होणारच, असं मॅडमनी जाहीर केलंय. शनिवार, १४ जून, सकाळी अकरा, तिसऱ्या मजल्यावरचं सभागृह. तिथेच त्या सगळ्यांना सांगणार की अण्णा नव्हते. औषधवाल्यांचा चेहरा बघण्यासाठी तरी ये. अण्णांच्या वतीने घड्याळ काकू घेणार आहेत.

मी काकूंना म्हटलं, दादाला तुम्हीच चार ओळी लिहा. त्या नको म्हणाल्या. "त्याच्या आवाजात इतकं लिहिलं, आता माझ्या आवाजात काय लिहू तेच कळत नाही. आणि बोलावू नकोस हं त्याला. नुसतं सांग, असं असं आहे म्हणून. आला तर आपला, नाही आला तरी आपला."

असं असं आहे.

बारकी


२९ जून

दादा,

तू परत गेल्यापासून बाबा दिवसातून तीनदा धरणाच्या पाण्याची पातळी पेपरात शोधतात. या पेपरात ती येत नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तू चार दिवस राहिलास, दोघंही एकमेकांशी फक्त बुद्धिबळ खेळलात, आणि तू गेल्यावर ते मला म्हणतात, "बरंच बोलणं झालं आमचं."

समारंभाची मला अजून आठवण येते. मॅडमनी गुपित सांगितलं तेव्हा सभागृहात तो हशा! औषधवाले उभे राहून म्हणत होते, "पण मी त्यांच्यासोबत चहा घेतलाय!" आणि आस्थापनावाल्या बाई त्यांना समजावत होत्या की तुम्ही कुणासोबत घेतलात ते आता शोधावं लागेल. काकूंनी घड्याळ घेतलं आणि चालतंय का ते बघायला कानाला लावलं. तू मागच्या रांगेतून उठून पुढे आलास आणि सगळ्यांसमोर त्यांच्याशी भांडायला लागलास, की अण्णांच्या पत्रांत 'कृपया' फार वेळा येतं, तू आयुष्यात इतक्यांदा कृपया म्हटलेलं नाहीस. काकूंनी तुझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुरुस्ती करते." त्या रात्री आपण घरी जेवताना किती हसलो, ते मी वेगळं काय लिहू, तू होतासच.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही, आणि ती सांगण्यासाठीच हे पत्र.

तू निघताना मला म्हणालास, "काकू चांगल्या आहेत गं, पण मी वर आलो तेव्हा जरा परकेपणानेच 'या, बसा' म्हणाल्या." तो परकेपणा नव्हता, दादा. त्यांना बोलवत नव्हतं.

तुला गेटवर बराच वेळ थांबवलं होतं ना? तो माझा प्रताप. चोर सापडल्यावर मीच गेटवरच्या सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, की ओळखीचं नाव घेऊन कुणी अनोळखी माणूस आला तर दोन प्रश्न जास्त विचारा, आणि शंका आली तर मला फोन करा. आमच्या गेटवरच्या सुभेदारांनी ते फारच मनावर घेतलं. मी सभागृहात खुर्च्या लावत होते. काकू शेजारी उभ्या होत्या. हात भरलेले होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, एक माणूस धरलाय," सुभेदार म्हणाले. "रेकॉर्डच्या जुन्या बाईंना भेटायचंय म्हणतो. मी विचारलं, नातं काय? तर गप्प. मग म्हणतो, माझ्या वडिलांच्या पत्नी. मी म्हटलं, साहेब, सरळ बोला ना, म्हणजे आई का? तर परत गप्प. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणतो, हो, आई. मॅडम, मी त्या बाईंना वीसेक वर्षं ओळखतो. त्यांना मूलबाळ नाही. आणि हा माणूस जवळजवळ त्यांच्याच वयाचा दिसतोय! शंभर टक्के बनाव आहे. बसवून ठेवलाय. पोलिसांना कळवू का?"

माझ्या हातातली खुर्ची तशीच राहिली. मी काही बोलायच्या आत काकूंनी फोन उचलला.

"कळवू नका," त्या म्हणाल्या. "माझाच आहे तो. वर पाठवा."

तुझी,
बारकी